इन्व्हर्टरची बॅटरी खरंच संपलीय की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

केतकी

नमस्कार मंडळी. आमचं घर दापोली तालुक्यात, खाडीच्या अंगाला आहे. सासऱ्यांना फुप्फुसाचा आजार आहे आणि रात्री झोपताना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. मशीन पाच लिटरचं, मागच्या पट्टीवर ३५० वॅट लिहिलंय. लाईट गेली की ते इन्व्हर्टरवर चालतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, बॅटरी १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते ते) ट्युब्युलर (नळीदार प्लेटांची, पाणी घालायची), २०२१ साली घेतलेली. नवी होती तेव्हा मशीन आणि एक पंखा मिळून दोन तास निघायचे. आता अर्ध्या तासात इन्व्हर्टर ओरडायला लागतो.

दोन दुकानदारांना दाखवलं. एकाने मीटर लावला, १२.६ आले, म्हणाला बॅटरी एकदम ओके आहे, इन्व्हर्टर बदला. दुसऱ्याने हातही न लावता सांगितलं, बॅटरी गेली, नवी घ्या. तिसरा माणूस गावात फिरत असतो, तो म्हणतो जुनं ॲसिड काढून नवं भरून देतो, दोन वर्षं काढेल.

पावसाळा तोंडावर आलाय. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, ते अजून अंगावर येतं. पैसे घालायची तयारी आहे, पण नेमके कशात घालायचे ते कळू दे. बॅटरी संपली की नाही, हे आपल्याला स्वतःला तपासता येतं का?

सचिन_डोंबिवली

ताई, ट्युब्युलर चार-पाच वर्षं टिकली म्हणजे चांगलीच टिकली. फार विचार करू नका, बदलून टाका.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

सचिन, वयावरून बॅटरी बदलायची तर मोजायचं कशाला? मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये नोकरी काढली आहे. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल जोडून अठ्ठेचाळीस व्होल्ट. त्याच दिवशी बसवलेल्या सेलमधला एखादा चार वर्षांत झोपतो आणि शेजारचा दहा वर्षं चालतो, हे रोज पाहिलंय. वय हा इशारा आहे, निदान नव्हे.

केतकीताई, बॅटरीचं नंतर बोलू. आधी सासऱ्यांसाठी भरलेला सिलिंडर घरात आहे का, ते सांगा. ज्याचा श्वास मशीनवर आहे त्याच्यासाठी इन्व्हर्टर हा दुसरा आधार असतो आणि तिसरा आधार लागतोच. सिलिंडर आल्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी करू नका.

आता तुमच्या दुकानदाराचे १२.६. मीटर लावला तेव्हा लाईट चालू होती का? चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच थांबलेलं असताना बॅटरीच्या टोकांना जो आकडा दिसतो तो वरवरचा असतो. प्लेटच्या पृष्ठभागावर चार्ज साचलेला असतो, तो आकडा फुगवतो. चार्जिंग थांबवून, लोड काढून बॅटरी निदान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर, तशीच ठेवायची आणि मग मोजायचं. तेव्हाही व्होल्टेज फक्त बॅटरी भरलीय की रिकामी एवढंच सांगतं. तिच्यात किती मावतं हे सांगत नाही. ते कळतं लोड टाकल्यावरच.

अलका_परिचारिका

काकांच्या सिलिंडरच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. घरी ठेवायला बी टाइपचा सिलिंडर सोयीचा, त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. डॉक्टरांनी दोन लिटर प्रति मिनिट सांगितलं असेल तर बारा तासांच्या आसपास पुरतो. चार लिटर असेल तर सहाच तास, हे ध्यानात ठेवा. फ्लो स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

रेग्युलेटर आधीच लावून ठेवा. वाल्व्ह उघडायची किल्ली दोऱ्याने सिलिंडरलाच बांधा. रात्री दोन वाजता अंधारात किल्ली शोधणारी माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं बघायला. मशीनवरून सिलिंडरवर नळी कशी बदलायची, हे घरातल्या प्रत्येकाने दिवसाउजेडी करून बघा.

आणि सिलिंडर बॅटरीच्या खोलीत ठेवू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो, आणि ऑक्सिजन आगीला जोर देतो. दोन्ही वेगवेगळ्या, हवेशीर जागी. देवघरातल्या निरांजनापासूनही लांब.

केतकी

अलकाताई, काका, खूप आभार. सिलिंडर होता पण रिकामा होता. आजच दापोलीहून भरून आणला. डॉक्टरांनी दोन लिटरच सांगितलंय. किल्ली बांधली.

आता बॅटरीचं सांगा. घरात साधा मल्टीमीटर आहे. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) विकत घेईन.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

छान. आता सावकाश वाचा.

डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, अंगात जुने कपडे. शेजारी बादलीभर पाणी आणि खाण्याचा सोडा. हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर हातातच वितळतो.

पहिली गोष्ट पाणी. सहाही फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते खुंट, बघा. हिरव्या खुणेच्या खाली असतील तर बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, घाला. फिल्टरचं नाही, पावसाचं नाही, विहिरीचं तर नाहीच. पूर्ण भरायचं ते चार्जिंग झाल्यानंतर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकं आधी घाला. पाणी घातल्यावर लगेच गुरुत्व, म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते, मोजू नका, नवं पाणी वरच तरंगतं. एक पूर्ण चार्जिंग होऊ द्या, बुडबुड्यांनी ते मिसळतं.

दुसरी गोष्ट गुरुत्व. पूर्ण चार्ज, मग विश्रांती, मग सहाही सेलचं हायड्रोमीटरने रीडिंग. वहीत पॉझिटिव्हकडून क्रमांक घाला, एक ते सहा. घरगुती ट्युब्युलर बॅटरी भरलेली असली की २७ अंशाला १.२४० च्या आसपास दाखवते. गाडीच्या बॅटरीचं १.२८० असतं, तो आकडा मनात ठेवून इथे घाबरू नका. मे महिन्यात ॲसिड ३७ अंशाला असेल तर रीडिंग सुमारे ०.००७ ने कमी दिसेल, ते मिळवायचं. सगळे सेल एका रेषेत थोडे कमी असतील तर बॅटरी नीट भरली जात नाहीये. पाच सारखे आणि एक पन्नास पॉइंटने, म्हणजे ०.०५० ने, खाली असेल तर तो एकच रोगी आहे.

तिसरी गोष्ट लोडची चाचणी. कॉन्सन्ट्रेटरवर करू नका. न बदलणारा लोड हवा. जुने पिवळे बल्ब मिळाले तर उत्तम, शंभरचे दोन लावा. २०० वॅटला बॅटरीतून साधारण वीस अँपिअर जातात, कारण इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. मेन बंद करा, वेळ लिहा, पाच मिनिटांनी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज घ्या, मग दर पंधरा मिनिटांनी. धडधाकट १५० एएच बॅटरी या लोडवर साडेपाच ते साडेसहा तास जाते. इन्व्हर्टर स्वतःहून साडेदहा-पावणेअकरा व्होल्टला बंद होईल. बंद झाल्या झाल्या मेन चालू करून चार्जिंगला लावा. रिकामी बॅटरी रात्रभर तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं, मग ते सुटत नाही.

चौथी गोष्ट बहुतेक मेकॅनिक विसरतात. लोड चालू असताना मीटरची एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्यावर आवळलेल्या लगवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसले तर जोड खराब आहे आणि बॅटरीवर उगाच आळ येतोय. तुम्ही समुद्राजवळ, म्हणजे खारी हवा. हे नक्की बघा.

शिवार_लातूर

काकांनी सांगितलं ते बरोबरच, पण आमच्याकडे अजून एक भानगड असते. संध्याकाळी व्होल्टेज १६० ला येतं. इन्व्हर्टरच्या मागे एक बारीक बटण असतं, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे नॉर्मल किंवा वाइड. यूपीएसवर असलं की १८० च्या खाली मेन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. माणसाला वाटतं लाईट आहे, चार्ज होतंय. प्रत्यक्षात बॅटरी रोज संध्याकाळी उपसली जाते आणि पूर्ण कधीच भरत नाही. अर्धवट भरलेली बॅटरी महिनोन् महिने वापरली की सल्फेट बसणारच. आमच्या आळीत अशा कितीतरी बॅटऱ्या दोन वर्षांत भंगारात गेल्या. दोष बॅटरीचा नव्हता, बटणाचा होता.

हिशोब साधा आहे. इन्व्हर्टरचा चार्जर दहा ते पंधरा अँपिअरचा. १५० एएचची बॅटरी अर्धी वापरली तर ती नीट भरायला सात-आठ तास सलग लाईट लागते, शेवटचे वीस टक्के तर फारच सावकाश भरतात. चार तास लाईट आणि चार तास भारनियमन असेल तर बॅटरी कधीच काठाला पोचत नाही. अशा ठिकाणी मोठी बॅटरी घेऊन उपयोग नाही, चार्जर दमदार हवा नाहीतर सोलर पॅनल.

केतकी

शिवारदादा, बटण बघितलं, वाइडवरच आहे. आमच्याकडे व्होल्टेज बरं असतं, गेली तर लाईट पूर्णच जाते.

काका, ही रीडिंग्ज. पाणी दोन सेलमध्ये कमी होतं, ते घालून पूर्ण चार्ज केलं, रात्रभर सोडलं (त्या रात्री अप्पा, म्हणजे सासरे, सिलिंडरवर होते, डॉक्टरांना विचारूनच).

विश्रांतीनंतर व्होल्टेज: १२.४
सेल १: १.२३५
सेल २: १.२३०
सेल ३: १.२३५
सेल ४: १.१५०
सेल ५: १.२३०
सेल ६: १.२३५

शंभरचे दोन बल्ब लावले. सुरुवातीला १२.१ होतं. तासाभराने ११.९. सव्वा तासाच्या सुमाराला मीटर बघता बघता ११.८ वरून १०.४ वर आला आणि इन्व्हर्टर बंद पडला. चौथ्या सेलच्या झाकणाशी कान नेला तर आतून आवाज येत होता, बाकीचे शांत. पॉझिटिव्हच्या जोडावर ०.३ व्होल्ट आले. लग काढला तर खालून निळी-हिरवी पूड निघाली.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

ताई, इतकी नेटकी रीडिंग्ज मला खात्यातल्या पोरांकडूनही मिळायची नाहीत. पुन्हा कधी झाकणाशी तोंड नेऊ नका, एवढं ऐका. गॅस असतो आणि ॲसिडचा तुषार डोळ्यात जातो.

निदान स्पष्ट आहे. चौथा सेल गेला. आकड्यांतच बघा: सेलच्या गुरुत्वात ०.८४ मिळवलं की त्या सेलचं विश्रांतीचं व्होल्टेज जवळपास मिळतं. पाच सेल २.०७-२.०८ चे आणि चौथा १.९९, बेरीज १२.३-१२.४. तुम्हाला तेच आलं. दुकानदाराचे १२.६ चार्जिंगच्या फुगवट्याचे होते.

लोडवर काय झालं तेही सांगतो. पाचही सेल व्यवस्थित काम करत होते. चौथ्यात थोडंच शिल्लक होतं, ते संपलं आणि तो शून्याकडे कोसळला. एक सेल गळला की जवळजवळ दोन व्होल्ट जातात, म्हणून आकडा उतरत उतरत न जाता एकदम पडला. सगळी बॅटरी एकसारखी म्हातारी झाली असती तर उतार सावकाश दिसला असता. रिकाम्या सेलमधून बाकीचे पाच सेल करंट ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होऊ लागतो, आवाज त्याचाच.

एक प्रयत्न करण्यासारखा आहे. जोड साफ करा: गरम पाणी आणि सोडा, पाणी सेलच्या आत जाऊ न देता. मग घासकागद, मग घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली. जेली आवळल्यानंतर लावायची. त्यानंतर जवळच्या बॅटरीवाल्याकडे चार-पाच अँपिअरच्या मंद करंटवर चोवीस तास इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल एका पातळीवर आणणारा लांबलेला चार्ज) करून घ्या. चौथा सेल १.२०० च्या वर आला तर सल्फेट मऊ होतं असं समजा. हलला नाही तर आत शॉर्ट आहे किंवा प्लेटमधला माल गळून तळाशी साचलाय. मग त्या बॅटरीत जीव नाही.

सचिन_डोंबिवली

काका, एक सेल फक्त बदलून नाही मिळत? पाच तर चांगले आहेत.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

एक्स्चेंजमध्ये बदलायचो, कारण तिथे प्रत्येक सेल सुटा असतो. घरच्या बॅटरीत सहाही सेल एका डब्यात, आतून शिशाने जोडलेले. पूर्वी डांबर ओतलेल्या झाकणाच्या बॅटऱ्या उघडून सेल बदलणारे कारागीर होते. आताची झाकणं उष्णतेने चिकटवलेली असतात.

आणि ॲसिड बदलणाऱ्या त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. हे कळकळीने सांगतो. गुरुत्व कमी झालं म्हणजे ॲसिड कुठे उडून गेलेलं नसतं. त्यातला गंधकाचा भाग सल्फेट होऊन प्लेटांवर बसलेला असतो, आणि चार्जिंगने तो परत द्रावणात आणायचा असतो. वरून नवं ॲसिड ओतलं की हायड्रोमीटर सुंदर आकडा दाखवतो, पण प्लेट तशीच आजारी राहते, उलट तीव्र ॲसिडने लवकर खाल्ली जाते. त्यानंतर कुणालाच खरं निदान करता येत नाही. सांडलेलं ॲसिड भरून काढणं एवढा एकच प्रसंग असा असतो की जिथे ॲसिड घालायचं. एरवी फक्त पाणी.

कळफलक

माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून छोट्या यूपीएसबद्दल थोडं. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची बंद बॅटरी असते. पाणी घालता येत नाही, गुरुत्व मोजता येत नाही. लोक यूपीएसवर फक्त दिवा हिरवा आहे का बघतात. महिन्यातून एकदा काम सेव्ह करून भिंतीवरचा स्विच बंद करा आणि किती मिनिटं चालतं ते यूपीएसलाच कागद चिकटवून लिहा. आकडा निम्मा झाला की बॅटरी मागवा, शून्य व्हायची वाट बघू नका.

या बॅटऱ्यांचा शत्रू उष्णता. २५ अंशाच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. टेबलाखाली कोंडलेला यूपीएस उन्हाळ्यात आतून ४० च्या वर सहज जातो. दोन-तीन वर्षांत बॅटरी फुगते. फुगलेली दिसली की त्याच दिवशी काढा, पुढे ती डब्यात अडकते आणि ओढताना फुटते. आणि नवी घेताना टर्मिनलची पट्टी मोजा, ४.८ मिमी आणि ६.३ मिमी अशा दोन मापांच्या येतात. एएच सारखंच असलं तरी पट्टी वेगळी असू शकते.

बॅटरी कोणतीही असो, उत्पादनाची तारीख बघूनच घ्या. दुकानात सहा-आठ महिने न चार्ज करता पडून राहिलेली बॅटरी नवी नसते.

सोसायटी_कोथरूड

धागा वाचून आमच्या इमारतीतल्या लिफ्टच्या बॅटऱ्या आठवल्या. लाईट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा, एआरडी म्हणतात ती, बॅटरीवर चालते. देखभालवाला दर महिन्याला वहीत ‘बॅटरी ओके’ लिहून सही करायचा. मी सेक्रेटरी झाल्यावर त्याला म्हटलं, माझ्यासमोर रिकामी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन पाड. लिफ्ट जागची हलली नाही. बॅटऱ्या व्होल्टेज दाखवत होत्या, पण ब्रेक सोडायचा आणि मोटर फिरवायची वेळ आली की बसत होत्या. त्या इमारतीत ऐंशीच्या पुढचे रहिवासी आहेत. विचार करूनही घाम फुटतो.

आता करारातच घातलंय: दर महिन्याला मेन पाडून चाचणी, समितीतला एकजण हजर. चाचणी तंत्रज्ञानेच करायची, रहिवाशांनी नाही.

तिथे बॅटऱ्या सीरिजमध्ये, म्हणजे एकीला एक साखळीसारख्या जोडलेल्या, असतात. त्याने चारपैकी एकच बदलू असं सुचवलं. काका, ते चालतं का?

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

चालत नाही. सीरिजमध्ये सगळ्यांतून करंट एकच जातो. जुन्या बॅटऱ्या लवकर भरल्यासारख्या दाखवतात आणि लवकर रिकाम्या होतात, नवीला त्यांच्या चालीने चालावं लागतं. नवी अर्धवट भरते, जुन्या जास्त उकळतात. सेट वर्षाच्या आतला असेल आणि एखादी कारखान्याच्या दोषाने गेली असेल तरच एक बदलणं ठीक. नाहीतर पूर्ण सेट. प्रत्येक बॅटरीचं लोडवरचं व्होल्टेज वेगवेगळं लिहायला सांगा, एकूण बेरीज नको. चार मिळून ४८ चांगले दिसतात आणि त्यात एक १०.५ लपलेली असते.

आमच्या खात्यात आणि मोठ्या उद्योगांत एक पक्का दंडक आहे. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायची. लोकांना वाटतं अजून ८० टक्के शिल्लक आहे, घाई कशाला? पण तिथून पुढे घसरण वेगाने होते आणि ती कधी होईल ते सांगता येत नाही. घरात दिवे-पंख्यापुरती बॅटरी असेल तर ६० टक्क्यांपर्यंत वापरा, काही बिघडत नाही. लिफ्ट, दवाखाना, ऑक्सिजन असेल तर ८० ला थांबा.

केतकी

चोवीस तासांचा चार्ज करून आणला. चौथा सेल १.१६० वर आला आणि तिथेच अडला. चार्ज होताना बाकी सेल बुडबुडे सोडत होते, तो गरम होत होता पण बुडबुडे नाहीत. म्हणजे बदलायलाच हवी ना?

आता नवी किती एएचची? दुकानदार लिथियम घ्या म्हणतोय, दहा वर्षं बघायला नको म्हणतो.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

हो, शॉर्ट आहे. बदला.

किरण_अभियंता

लिथियमबद्दल मी लिहितो, माझं कामच ते आहे. घरासाठी लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, थोडक्यात एलएफपी. दुसऱ्या रसायनाची घरात नको, आणि ई-स्कूटरच्या जुन्या पॅकमधून जुळवलेली तर मुळीच नको. एलएफपी चांगली आहे: वजन कमी, पाण्याची कटकट नाही, जवळजवळ पूर्ण रिकामी केली तरी हजारो वेळा चालते, पटकन भरते.

पण ताईंच्या बाबतीत तीन गोष्टी बघा. सध्याच्या इन्व्हर्टरला लिथियमची सेटिंग आहे का? ट्युब्युलरच्या मोडमध्ये काही इन्व्हर्टर मधूनमधून १५ व्होल्टच्या वर नेतात, एलएफपीला १४.६ च्या पुढे नको असतं. दुसरं, तिच्या आतलं संरक्षक सर्किट धोका दिसला की एका क्षणात तोडतं. ट्युब्युलर रडत-खडत जाते, इन्व्हर्टर आधी ओरडतो. लिथियममध्ये ती सूचना मिळेलच असं नाही. आणि तिसरं, तुम्ही आता मल्टीमीटरने जे केलंत ते तिथे होणार नाही. ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जवळपास सपाट, १३ च्या आसपासच असतं. किती शिल्लक आहे ते आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजूनच कळतं. म्हणजे डिस्प्ले किंवा ब्लूटूथवाली घ्यावी, आणि तरीही वर्षातून एकदा लोडची चाचणी करावीच.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

किरणने नीट मांडलंय. माझं मत, ताई: इन्व्हर्टर जुनाच ठेवणार असाल तर ट्युब्युलर घ्या. तुमच्या हातात आता मीटर आणि हायड्रोमीटर दोन्ही आहेत, खेड्यात दुरुस्तीवाला लांब, अशा वेळी जी बॅटरी स्वतःला तपासता येते ती बरी.

एएच ठरवताना बॅटरीवर सी१० लिहिलंय की सी२० ते बघा. १५० एएच सी२० म्हणजे साडेसात अँपिअरने वीस तास. तुमचं मशीन आणि पंखा मिळून चाळीस-पंचेचाळीस अँपिअर ओढतात. त्या वेगाने काढलं तर १५० पैकी शंभरच्या आतच हाती लागतात. म्हणून दोनच तास मिळायचे, बॅटरी नवी असतानाही. २२० एएच सी१० घेतलीत तर साडेतीन तास धरायला हरकत नाही. पण आधी चार्जर बघा, १५ अँपिअरच्या खाली असेल तर २२० भरताना दमेल. पंखा बीएलडीसीचा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) लावा, पंचाहत्तर वॅटच्या जागी तीस-पस्तीस.

केतकी

२०० एएच सी१० घेतली, इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअरचा आहे म्हणून त्यावर गेले नाही. पंखा बदलला. आणल्या आणल्या पूर्ण चार्ज करून सहाही सेल मोजले, सगळे १.२३५ ते १.२४०. शंभरच्या दोन बल्बवर नवीचा पूर्ण वेळ लिहून ठेवला, पुढच्या तुलनेसाठी. कॉन्सन्ट्रेटर आणि पंख्यावर आता तीन तासांच्या वर जाते. अप्पा रात्री निवांत झोपतात, आणि मीही.

एक राहिलं. भंगारवाला म्हणाला, ॲसिड गटारात ओतून द्या, मग नेतो.

शिवार_लातूर

अजिबात ओतू नका ताई! त्यात शिसं विरघळलेलं असतं. विहिरीत उतरलं तर पिढ्यांना पुरतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, तो परत भरून येत नाही. बॅटरी भरलेली, उभी, झाकणं लावलेली, अशीच नवीच्या दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरात पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. दुकानदार जुनीची किंमत नवीच्या बिलातून वजा करतो. ती बिलावर लिहून घ्या. शिशाला भाव आहे, फुकट देऊ नका आणि रस्त्यावरच्या माणसालाही देऊ नका, ते उघड्यावर भट्टी लावून वितळवतात.

केतकी

दिली दुकानातच, भरलेली. बिलात वजावट लिहून घेतली. धन्यवाद दादा.

चाकरमानी_गुहागर

उशिरा आलो, पण प्रश्न आहे. आम्ही मुंबईत, गावचं घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडून बंद. दर वेळी गेलो की बॅटरी मेलेली. आता नवी घेतोय, ती कशी जगवायची?

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

दोन वाटा आहेत. शेजारी कुणी महिन्यातून एकदा येऊन पाणी आणि दिवा बघणार असेल तर इन्व्हर्टर चार्जिंगला चालू ठेवा, त्याच्यावरचे सगळे दिवे-पंखे एमसीबीने तोडून. लाईट गेली तरी लोड नसेल. पण इन्व्हर्टर स्वतः रिकामा असतानाही थोडं पितो, म्हणून त्याचं समोरचं बटण बंद ठेवा. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये बटण बंद असलं तरी मेनवर चार्जिंग सुरू राहतं, तुमच्यात राहतं का ते आधी तपासा.

कुणी येणार नसेल तर निघायच्या आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा, पाणी बघा, इन्व्हर्टरचं मेन बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर पाना लावून काढून ठेवा. भरलेली बॅटरी आपोआप महिन्याला तीन-चार टक्के उतरते, कोकणातल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. दोन-तीन महिन्यांत एकदा भरली गेली पाहिजे. गणपतीनंतर तुम्ही थेट शिमग्याला येता, ते अंतर फार आहे. दिवाळीत कुणालातरी एक दिवस पाठवा आणि रात्रभर चार्जिंगला लावा.

चाकरमानी_गुहागर

दिवाळीला चुलतभाऊ जातो, त्याला सांगतो. निगेटिव्ह कुठली ते खुणेला काळी पट्टी बांधून ठेवतो.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट

बांधा. आणि परत जोडताना आधी पॉझिटिव्ह घट्ट आहे का ते बघून मग निगेटिव्ह लावायला सांगा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.